केडगावच्या रमाबाई आणि आमच्या घरातलं आज्ञापालन

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. अंकासाठी लिहून काढताना थोडी भर घातली आहे.)



संयोजकांनी बोलणाऱ्यांना एकच अट घातली होती. नोकरी, पगार, परदेश आणि मुलांचे मार्क सोडून बोला. शाळेत असताना वर्गाला कधी सांगितलं नाही असं घरातलं काही सांगा. अट घालणारा स्वतः भाषण टाळून मागे जेवणाच्या व्यवस्थेत घुसलाय, हे मी इथे नोंदवून ठेवते.

तुम्हाला आठवत असेल, मी दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधली. आजोळ शिरूरचं. वर्गात आम्ही ख्रिस्ती मुलं दोन-तीनच. नाताळात तुम्ही आमच्याकडे करंज्या आणि केक खायला यायचात, आणि एक प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारायचंच: "तुमच्यात फादर सांगतील ते ऐकावंच लागतं ना गं?" मी तेव्हा "हो, आणि नाही ऐकलं तर केक मिळत नाही" असं काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचे. प्रश्न मात्र खरा होता. आमच्या घरांत आणि मंडळ्यांत माणसं कुणाचं ऐकतात, का ऐकतात, आणि कधी ऐकू नये? आज त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करते. उत्तरासाठी लांब जावं लागत नाही. दौंडहून पुण्याच्या गाडीत बसलं की पाटसच्या पुढे केडगाव लागतं, तिथपर्यंत गेलं तरी पुरतं.

आधी एक दुरुस्ती. आमच्याकडे फादर नसतात, ते कॅथलिक लोकांत. आमचे ते पाळक. शिरूरकडचे बरेचसे ख्रिस्ती जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले. हे मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले, 1831 साली नगरला आले आणि तिथून घोडनदीच्या काठाने शिरूरपर्यंत त्यांचं काम पसरलं. त्यांच्या पंथाची एक गंमत होती: वर बिशप नाही. एका गावातले विश्वासणारे मिळून एक मंडळी, ती आपला पाळक आपण बोलावणार, हिशेब आपण तपासणार. पुढे 1970 साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा या मंडळ्या त्यात गेल्या आणि बिशपही आले. पण शिरूरच्या आजीच्या डोक्यातली रचना जुनीच होती. पाळकसाहेब घरी आले की ती पदर सारखा करून सलाम करायची, पहिला चहा त्यांना द्यायची, आणि मग त्यांच्या रविवारच्या प्रवचनात काय चुकलं तेही सांगायची. पाळकसाहेब चहा संपवून म्हणायचे, "बरोबर आहे, आजीबाई." आम्हा पोरांना वाटायचं, सगळीकडे असंच असतं.

दौंडच्या घरात रात्री जेवणानंतर कुटुंब-प्रार्थना असायची. वडील शास्त्र वाचायचे, एक गीत व्हायचं, मग प्रत्येकाने दोन वाक्यं प्रार्थना करायची. टाळायची सोय नव्हती. परीक्षा असली तरी नव्हती. पण गीत कोणतं म्हणायचं ते घरातलं सगळ्यात लहान मूल ठरवायचं, आणि वडिलांचा दिवसभरात कुणावर आवाज चढला असेल तर त्यांच्या दोन वाक्यांत त्याची क्षमा मागणं यायचं. लोको शेडमध्ये पन्नास माणसांवर ओरडणारा बाप आठ वर्षांच्या मुलीसमोर, डोळे मिटून का होईना, "आज मी हिच्यावर उगाच रागावलो" असं म्हणतो तेव्हा त्या मुलीवर काय परिणाम होतो, ते मला सांगता येणार नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी हाक मारली की मी लगेच उठायचे.

आता केडगाव. माझी पणजी, म्हणजे वडिलांची आजी, ही 'मुक्ती'तली मुलगी. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळात पंडिता रमाबाईंच्या माणसांनी ज्या शेकडो मुली गोळा करून केडगावला आणल्या, त्यांतली एक. लग्न होऊन दौंडला आली. त्यामुळे रमाबाई हे नाव आमच्या घरात पाठ्यपुस्तकाच्या आधीपासून होतं. मला त्यांच्याबद्दल बोलायचंय ते वेगळ्या कारणाने. आज्ञापालन या विषयाच्या दोन्ही टोकांना उभं राहिलेली त्यांच्यासारखी बाई मला दुसरी माहीत नाही. आधी त्यांनी मोठमोठ्या धर्माधिकाऱ्यांची आज्ञा मोडली. नंतर दोन हजारांच्या आसपास बायका-मुलींनी त्यांची आज्ञा पाळली.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि आईने ते मुलीला शिकवलं. पण हेच कुटुंब शास्त्राची प्रत्येक आज्ञा पाळत तीर्थामागून तीर्थं करत फिरलं. व्रतं, उपास, दानं यांत होतं-नव्हतं ते संपलं आणि 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. तेव्हा रमाबाई सोळा वर्षांच्या आसपास होत्या. आंधळ्या आज्ञापालनाची किंमत काय असते ते या मुलीला कुणी शिकवायची गरज नव्हती.

1883 साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या सिस्टर लोकांच्या मठात राहून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथवरची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. त्यानंतरची कमी सांगितली जाते, आणि मला ती जास्त आवडते. बाप्तिस्मा घेतल्यावर लगेचच त्यांचं मठाशी आणि चर्चच्या अधिकाऱ्यांशी वाजायला लागलं. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना भारतीय भाषा शिकवाव्यात अशी कल्पना निघाली, तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी कळवलं की हे योग्य नाही, मायदेशी गेल्यावर बाईंचं नाव खराब होईल. ज्या बाईने कलकत्त्यात पंडितांच्या सभेत परीक्षा देऊन 'पंडिता' ही पदवी मिळवली होती, तिने पुरुषांसमोर शिकवायचं की नाही हे बिशप ठरवणार! रमाबाईंनी ते मानलं नाही. मठाने दिलेल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. त्यांनी विचारलं, संस्कृत का नको? त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्या प्रश्न विचारत राहिल्या. छोट्या मनोरमेला काय शिकवायचं हे मी ठरवीन, असंही त्यांनी सांगितलं.

त्यांची गुरुमाता सिस्टर जेराल्डाइन यांना हा सगळा गर्व वाटला. नव्या ख्रिस्ती माणसाने आधी आज्ञाधारक व्हायला शिकावं, असं त्यांचं म्हणणं. दोघींची पत्रं पुढे 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने पुस्तकरूपाने काढली. ती वाचताना मला सिस्टर जेराल्डाइन दुष्ट वाटल्या नाहीत. त्यांची माया खरी आहे, मनोरमेला त्यांनी नातीसारखं सांभाळलं. पण आपण ज्याला श्रद्धा दिली त्याने आपलं ऐकलंच पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटत होतं. रमाबाईंचा सूर असा की देशातल्या शास्त्री-पुरोहितांपासून मोठ्या कष्टाने सुटका करून घेतली ती इथल्या पुरोहितांच्या हाती जाण्यासाठी नाही. देवाने मला सदसद्विवेक दिलाय आणि त्याचा जाब मलाच द्यायचाय. त्यांनी येशूला सोडलं नाही आणि बिशपांचं ऐकलंही नाही. या दोन गोष्टी एकत्र असू शकतात हे त्या काळात बिशपांना पटत नव्हतं. आजही अनेक पाळकांना पटत नाही.

परत आल्यावर 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं. विधवांची शाळा, धर्माच्या बाबतीत हात न घालण्याचा शब्द. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर सल्लागार मंडळात. मुलींना आपापलं सोवळंओवळं, उपासतापास सगळ्याची मोकळीक. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करायच्या, आणि खोलीचं दार उघडं असायचं. कुणाला बोलवायच्या नाहीत. पण दार लावायच्याही नाहीत. हळूहळू काही मुली आत येऊन बसायला लागल्या.

पुढे जे झालं ते आपण इतिहासात ओझरतं वाचलंय. केसरीने झोड उठवली, 1893 साली रानडे-भांडारकरांनी राजीनामे दिले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. दार लावून घ्या म्हणजे प्रश्न मिटेल, असं रमाबाईंच्या हितचिंतकांचंही मत होतं. त्या म्हणाल्या, माझ्या घरात मला लपून प्रार्थना करायची नाही.

मी यावर पुष्कळदा विचार केलाय. पालकांची भीती खोटी नव्हती. ज्या बाईने तुम्हाला अन्न, निवारा आणि अक्षर दिलं, ती रोज पहाटे काय करते हे बघत वाढणाऱ्या मुलीवर दडपण येत नाही असं कोण म्हणेल? पण त्याच उघड्या दाराच्या घरातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. ती तिथे शिकली, ख्रिस्ती झाली नाही, आणि 1893 मध्येच धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून त्यांच्या संसाराला आणि कामाला लागली. दारातून आत जाता येत होतं तसं बाहेरही जाता येत होतं, याचा तिच्यापेक्षा मोठा पुरावा मला नको.

केडगावला मात्र प्रश्न अवघड होतो. तिथली शंभरेक एकर जमीन रमाबाईंनी आधी सदनाला उत्पन्न व्हावं म्हणून घेतली होती, बाग लावली होती. 1896-97 चा मध्य प्रांतातला दुष्काळ पडला, त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, नवी माणसं शहरात ठेवायला बंदी; म्हणून सगळा कबिला केडगावच्या माळावर. तंबू आणि झोपड्यांतून सुरुवात. (याच काळात पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तावर त्यांनी सरकारला छापील पत्रातून सुनावलं. राज्य ख्रिस्ती लोकांचं, म्हणून गप्प बसायचं असं त्यांनी केलं नाही.) मग गुजरातचा दुष्काळ, आणि संख्या दोन हजारांच्या घरात.

आता सांगा, भुकेने मरता मरता वाचवलेली आठ वर्षांची मुलगी वाचवणाऱ्याचं ऐकते, त्याला आज्ञापालन म्हणायचं का? तिला दुसरा रस्ता कुठे होता? हा प्रश्न बाहेरच्यांनी मिशनऱ्यांना नेहमी विचारला आणि त्यांनी विचारायलाच हवा होता. ख्रिस्ती माणसाने तो ऐकून रागावू नये, असं माझं मत आहे. आमच्या घरात त्याचं उत्तर एका माणसापुरतं होतं. आजी तिच्या सासूबद्दल, म्हणजे माझ्या पणजीबद्दल सांगायची: "जायला जागा नव्हती म्हणून केडगावात राहिली. नवरा गेल्यावर तिला दौंडात घर होतं, कमावते मुलगे होते, तरी म्हातारपणी आपल्या पायाने परत केडगावला गेली." पहिल्या राहण्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. दुसऱ्याबद्दल मला शंका नाही.

ती परत का गेली असेल? मुक्तीत कामाला तोटा नव्हता. शेती, विहिरी, दूध, हातमाग, तेलाचा घाणा, शिवण, छापखाना. दिवस घंटेवर चालायचा. शिस्त कडक होती. आजच्या मुलांना एक आठवडाही झेपणार नाही, आपल्याला तर दोन दिवस. पण सगळं काम बायकांच्याच हातात होतं, आणि रमाबाई त्यांच्याच अन्नावर, त्यांच्याच साध्या पांढऱ्या लुगड्यात, त्यांच्या आधी उठून कामाला लागलेल्या असायच्या. पणजीच्या हातात हातमाग होता. दौंडमध्ये ती कुणाची सून होती, मग कुणाची आई, मग कुणाची सासू. केडगावात तिला तिच्या मागावरून ओळखत होते.

1905 सालची गोष्ट तर जगाच्या इतिहासात गेली. वेल्समधल्या जागृतीची बातमी ऐकून रमाबाईंनी त्या वर्षी जानेवारीत मुलींना विचारलं की रोज प्रार्थनेला कोण कोण येईल. सक्ती नव्हती. सत्तरेक जणी उठल्या. जूनपर्यंत आकडा साडेपाचशेवर गेला होता. जूनच्या अखेरीस एका रात्री वसतिगृहातल्या एका मुलीपासून सुरुवात झाली आणि मग रडणं, आपापले अपराध कबूल करणं, मोठमोठ्याने प्रार्थना, असं महिनोन् महिने चाललं. बाहेरून पाहुणे आले, काहींनी नाकं मुरडली, बायका फार आरडाओरडा करतात म्हणाले. इतकी मोठी संस्था चालवणाऱ्या कुणालाही अशा वेळी वाटेल की हे आता आपल्या हातात घ्यावं, नाहीतर थांबवावं. रमाबाईंनी दोन्ही केलं नाही. त्या मुलींच्या पुढाकाराला जागा देऊन बाजूला राहिल्या. मुलींच्या तुकड्या आसपासच्या खेड्यांत बोलायला गेल्या. काल दुष्काळातून आणलेल्या, नाव-गाव नसलेल्या मुली चारचौघांत उभ्या राहून बोलत होत्या. तिथे काम करणाऱ्या मिनी अब्राम्स या अमेरिकन बाईंनी या सगळ्यावर पुस्तिका लिहिली, ती दक्षिण अमेरिकेत चिलीपर्यंत पोहोचली आणि तिथल्या पेंटेकॉस्टल चळवळीची एक ठिणगी ठरली. चिलीच्या चर्चच्या इतिहासात आपल्या दौंड तालुक्यातलं केडगाव आहे! भूगोलाच्या तासाला आपल्याला चिली फक्त लांबुळका देश म्हणून माहीत होता.

पण मला विचाराल तर आज्ञापालनाच्या बाबतीत रमाबाईंनी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट 1905 ची नाही. ती आहे बायबलचं भाषांतर. मिशनऱ्यांच्या देखरेखीखाली झालेलं मराठी बायबल होतंच, पण त्याची भाषा संस्कृताळलेली, खेड्यातल्या बाईच्या डोक्यावरून जाणारी. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, मूळ भाषांतून, साध्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवायला घेतलं. संस्कृतच्या पंडितेने संस्कृत शब्द वेचून बाहेर काढायचे, हे कामच पाहा. वर्षानुवर्षं त्या ते करत राहिल्या. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी, सगळं मुक्तीच्या छापखान्यात बायकांनी केलं. हिब्रू आणि ग्रीक अक्षरांचे खिळेसुद्धा केडगावच्या मुलींनी जुळवले. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. पूर्ण ग्रंथ 1924 साली बाहेर आला.

यात काय विशेष? जो कुणी आध्यात्मिक पुढारी असतो त्याची खरी ताकद 'देव असं म्हणतो' या तीन शब्दांत असते. ऐकणाऱ्याला ते तपासता येत नसेल, तर पुढारी काहीही म्हणू शकतो. रमाबाईंनी ज्या बायकांकडून आज्ञापालनाची अपेक्षा केली, त्यांच्याच हातात ते तपासायचं पुस्तक दिलं, त्यांना कळेल अशा भाषेत. माझ्या व्यवसायात कोड रिव्ह्यू म्हणून प्रकार असतो: कुणीही लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचून शेरे मारल्याशिवाय पुढे जात नाही. वीस वर्षांचा अनुभव सांगतो, ज्या सीनियरच्या कोडवर शेरा मारायला पोरं घाबरतात, रात्री दोनला सिस्टीम बंद पडली की घोळ बहुतेक वेळा त्याच्याच कोडमध्ये सापडतो. तो वाईट इंजिनियर असतो असं नाही. त्याला कुणी थांबवलेलं नसतं, इतकंच.

घराच्या बाबतीत मला रमाबाईंची एक गोष्ट अजून टोचते, ती म्हणजे मनोरमाबाई. एकुलती एक मुलगी. इंग्लंड-अमेरिकेत शिकली, परत येऊन सदनाची शाळा सांभाळली, अंध मुलींच्या ब्रेल शिक्षणाचं काम उभं केलं. लग्न केलं नाही. आयुष्य आईच्या कामात घातलं आणि 1921 साली, चाळिशी गाठून, आईच्या आधी गेली. रमाबाईंनी मुलीला कधी 'तू हेच कर' असं सांगितल्याचं मी वाचलेलं नाही. सांगायची गरजच नसावी. समोर इतका मोठा माणूस उभा असला की मुलाच्या मनात दुसरा रस्ता उगवतच नाही. हे आज्ञापालन की सावली? दोन हजार परक्या मुलींना मोकळी जागा देणं कदाचित सोपं असेल. आपल्या एकुलत्या मुलीला देणं अवघड. इथे बसलेल्या शिक्षकांच्या मुलामुलींनी हात वर करू नयेत, वेळ कमी आहे.

याच्या उलट उदाहरण नगरच्या टिळकांच्या घरात आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंसाठी ते घर कोसळणं होतं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग त्या त्यांच्याकडे राहायला आल्या, पण आपल्या सोवळ्यासकट, वेगळ्या चुलीसकट. टिळक तापट, लहरी, घरात येईल त्याला ठेवून घेणारे. बायकोने निमूट ऐकावं असं त्यांना एरवी शंभरदा वाटलं असेल. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ते भांडणांचे प्रसंग पाठ असतील. पण धर्माच्या बाबतीत त्यांनी तिला ओढलं नाही. नवऱ्याचा धर्म तोच बायकोचा, हे त्या काळी दोन्ही समाजांत गृहीत होतं, तरी नाही. लक्ष्मीबाईंनी जातपात मनातून काढली ती स्वतः विचार करून, आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला तोही स्वतःहून. टिळक गेल्यानंतर त्या खचल्या नाहीत, त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे नेलं. ओढून नेलेल्या माणसाकडून हे होत नाही.

इतकं सगळं चांगलं सांगितल्यावर वाईटही सांगितलं पाहिजे. माझी एक नात्यातली मावशी आहे. गाव सांगत नाही. नवरा मारायचा. ती तिथल्या पाळकांकडे गेली. त्यांनी पौलाच्या पत्रातला पत्नीने पतीच्या अधीन असावं हा भाग उघडला आणि सांगितलं, प्रार्थना कर, नम्र राहा, तो बदलेल. माणूस मनाने वाईट नव्हता. त्यांना तेवढंच शिकवलेलं. मावशी सहा वर्षं ऐकत राहिली, कारण तिला वाटलं हे देव सांगतोय. मग मंडळीतल्या एका निवृत्त नर्सबाईंनी तिला घरी बोलावलं, तेच पान उघडलं आणि बोट एक ओळ वर नेलं. तिथे सगळ्यांनीच एकमेकांच्या अधीन असावं असं लिहिलंय. मग बोट खाली नेलं. बायकांना तीन वचनं आहेत, आणि नवऱ्याने बायकोवर स्वतःच्या शरीरासारखं प्रेम करावं यावर त्याच्या दुपटीहून जास्त. नर्सबाई म्हणाल्या, "हे त्याला कुणी वाचून दाखवलं का?" मावशी त्या महिन्यात घरातून निघाली. आज तिची स्वतःची मेस आहे, चाळीस डबे जातात. रविवारी ती अजूनही उपासनेला जाते, आणि ते पुस्तक बरोबर घेऊन जाते.

हा प्रकार फक्त आमच्यात आहे असं समजू नका. केडगावात एकीकडे मुक्ती आहे आणि दुसरीकडे नारायण महाराजांचं बेट. दोन्हीकडे माणसं हात जोडून जातात. कोणत्याही दारात हात जोडताना मी आता दोन गोष्टी बघते: इथून उठून जाणाऱ्याबद्दल हे लोक काय बोलतात, आणि इथल्या प्रमुखाला 'तुमचं चुकलं' असं म्हणू शकेल असा एक तरी माणूस त्याच्या जवळ आहे का. शिरूरच्या आजीसारखा.

शेवटी घरचं. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. गेल्या जूनपासून तिने रविवारच्या उपासनेला येणं बंद केलंय. आमचे पाळकसाहेब मला म्हणाले, "ताई, आईबापांनी लहानपणीच लगाम धरायचा असतो." माझ्या आईचंही तेच म्हणणं. मी नेहमीसारखी साडेसातला तयार होते, तिच्या खोलीवर टकटक करून "निघाले गं" एवढं सांगते आणि जाते. रात्रीची प्रार्थना घरात चालू आहे. त्यात ती बसते, कारण गीत अजून तीच ठरवते. मध्यंतरी तिला मी वाँटेजची हकीकत सांगितली. संस्कृत अक्षरांच्या क्रूसाचं ऐकून ती उठून बसली. परवा तिने विचारलं, ती पत्रं आहेत का आपल्याकडे. इंग्रजीत आहेत, जाडजूड आहेत. पुण्यातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणून तिच्या टेबलावर ठेवलीत. सध्या ती सिस्टर जेराल्डाइनवर भयंकर रागावलेली आहे आणि रोज रात्री जेवताना माझ्याशी त्यावरून वाद घालते. मी थोडीशी जेराल्डाइनची बाजू घेते.

सगळ्यांना सलाम. जेवण तयार आहे असं मागून खुणावतायत.